दोन जिभांची साक्ष

१२ जानेवारी

ती. आत्या,

नमस्कार. फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि तू नुसतं "हो हो" करून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. बाबांच्या हाती लागू देऊ नकोस.

मी शेवटी बाई डॉक्टरांकडे जाऊन आले. पाळी पाच महिने आली नव्हती. हनुवटीवरचे केस चिमट्याने उपटून उपटून कातडी काळवंडली होती, आणि चहाच्या टेस्टिंगरूमचा पांढरा कोट पोटावर बसेनासा झाला होता. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. पीसीओएस आहे म्हणाल्या, अंडाशयांचा आणि हार्मोन्सचा घोळ. घाबरण्यासारखं नाही, पण आपलं आपण निघून जाईल असंही नाही. शरीर स्वतःच्याच इन्सुलिनला जुमानत नाही, म्हणून डायबेटिसवाल्यांना देतात तीच गोळी मला दिली आहे, दोन्ही जेवणांनंतर. मला डायबेटिस झालेला नाही, हे आधीच सांगते, नाहीतर तू डोळ्याला पदर लावून बसशील. तीन आठवडे होत आले. पोट मात्र बिघडलंय, कामातून उठून सारखं पळावं लागतं.

आता खरं दुखणं. आमचे मुख्य टेस्टर मेअखेर निवृत्त होतात, तोवर उरलेल्या रजेवर आहेत. खुर्ची एक आणि आशा लावून बसलेल्या दोघी, मी आणि घुमी. घुमी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची. सहा वर्षं शेजारी बसतो, पण दिवसाला चार शब्द बोलेल तर शपथ, आणि त्यातले दोन "झाकण दे" असतात.

तर गेले काही दिवस माझ्या कपात काहीतरी आहे. गंजका खिळा चोखावा तशी चव. पानं तीच, पाणी तेच, चहा मुरल्याची घंटा तीच. तिला काही लागत नाही, मलाच लागतं. काल मी बाहेरून परत आले तर तू दिलेला तुझा टेस्टिंगचा चांदीचा चमचा तिच्या हातात. माझ्याकडे बघितलं, चमचा पुसून जागेवर ठेवला आणि आपल्या कपांकडे वळली.

तूच सांग, मी काय समजायचं?

तुझी माऊ


२० जानेवारी

चि. माऊ,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोकं फिरलं.

आधी त्या गोळ्या. आपल्या घराण्याची हनुवटीच तशी आहे. माझी बघ. तुझ्या आजीची आठव, तिला तर आजोबा "तुम्ही आधी दाढी करा, मग मी करतो" असं चिडवायचे. पाळीचं म्हणशील तर माझी कधी धड आली नाही, म्हणून काय मी मेले? साऱ्या नोकरीत मी खोकल्याची गोळीसुद्धा तोंडात धरली नाही आणि आजही औषधाला शिवत नाही. टेस्टरने जीभ सांभाळायची असते. एवढी शिकवलेली पोरगी तू, आणि डायबेटिसवाल्यांच्या गोळ्या गिळत बसलीस. बंद कर त्या.

आता ती बया. न बोलणारी माणसं मला जन्मात आवडली नाहीत. बोलणारा निदान खोटं बोलताना सापडतो. तुझ्या चमच्याला हात लावायचं तिला कारण काय? खुर्ची समोर दिसत असताना मला तर कुठेतरी पाणी मुरतंय असंच वाटणार. चमचा पर्समध्ये ठेवत जा. जागेवरून उठलीस तर कपांवर झाकणं घालून ऊठ. आणि जमलं तर जुळा कप लाव. आमच्या वेळी कुणाची जीभ बहकलीय असं वाटलं की आम्ही रांगेत एकच चहा दोन कपांत ठेवायचो, न सांगता. खरा टेस्टर दोन्ही जागी एकच बोलतो. तिला लावून बघ, कळेल किती पाण्यात आहे.

तुझ्या टेबलावरच्या चहाची पुडी मला पाठव. मी बघते.

इथेही सगळे चोर झालेत. दूधवाला कसल्या भांड्यातून दूध आणतो कोण जाणे, चहाला बादलीची चव येते. चहाची दोन दुकानं बदलून झाली. परवा दूधवाल्याला काढूनच टाकलं. चेहरा एवढासा केला होता. नाटकं सगळी.

आत्या


२ फेब्रुवारी

ती. आत्या,

गोळ्या बंद केल्या. झालं समाधान?

आणि गंमत सांगते, पाळी आली. अगदी आपोआप.

जुळ्या कपाचं म्हणशील तर तो नवशिक्यांना लावतात. घुमीला लावला तर साऱ्या खोलीला कळेल की मी तिच्या वाटेला गेले आहे. त्यापेक्षा मी डोळ्यात तेल घालून बसते. चमचा पर्समध्ये असतो. तरी चव आहेच, म्हणजे चमच्याला काही लावत नसणार, माझ्या डब्यातच काहीतरी मिसळत असणार. माझं टेबल खिडकीकडे, तिचं कपाटाकडे, आणि नमुन्यांचे डबे कपाटात. परवा मी लवकर गेले तर ती माझ्याआधी हजर, आणि किटलीत पाणी उकळत होतं. मी विचारलं, "एवढ्या लवकर?" तर म्हणाली, "हो." बघ, कसं साळसूद उत्तर!

आत्तापर्यंत तीन लॉट मी नापास केले. मोठे साहेब आज माझ्या टेबलापाशी थांबले, एक कप उचलून स्वतः घोट घेतला, खांदे उडवले आणि गेले. त्यांना चहातलं काय कळतं, ते मालाचं बघतात. पण मी आणखी नापास करत राहिले तर खुर्ची बाजूलाच राहील, आहे ती जागाही जाईल, आणि न केले आणि माल बाहेर जाऊन परत आला तरी माझंच नाव जाईल.

पुडी सोबत आहे. खरं ते लिही. माझा सगळा भरवसा तुझ्या जिभेवर आहे.

माऊ


१४ फेब्रुवारी

चि. माऊ,

लोखंड!

मी जुना पांढरा कप काढला, पानं तोलून घेतली, घड्याळ लावलं. वासाला काही नाही. पहिल्या घोटालाही नाही. पण घोट मागे नेला की जिभेच्या कडांना येतं आणि तिथून हलत नाही. मी दूध घातलेलं नव्हतं, तेव्हा यात दूधवाल्याचा संबंध नाही. माझ्या तीस-पस्तीस वर्षांच्या नावावर सांगते, तुझ्या चहात भेसळ आहे.

आता एका जिभेचा प्रश्न राहिला नाही. दोन जिभांची साक्ष आहे. साहेबांकडे जा आणि माझं हे पत्र दाखव. जुन्या मंडळींना माझं नाव माहीत आहे. मी एखादा लॉट वाईट म्हटल्यावर तो दुसऱ्यांदा कुणी उकळला नाही.

भीड धरू नकोस. तिने धरली का?

पाळी आपोआप आली म्हणतेस. बरं.

आत्या


१ मार्च

ती. आत्या,

काम झालं. साहेबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. तुझं नाव ऐकल्यावर ते खुर्चीत सरळ बसले. लगेच कपाटाला कुलूप लावलं, नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले आणि निकाल येईपर्यंत घुमीला गोदामात वजनकाट्यावर बसवलं.

तिला सगळ्यांसमोर सांगितलं. तिने कोट काढला, बाह्या आत घेऊन त्याची नीट घडी घातली, आपला चमचा फडक्यात गुंडाळला. दारापाशी वळून म्हणाली, "मी काही केलेलं नाही." सहा वर्षांत तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य असेल.

भेसळीचा ठपका आलेल्या टेस्टरला दुसरं कुणी दारात उभं करत नाही, हे तुला मी सांगायला नको. मी जिंकले आहे, आणि मला बरं वाटायला हवं. पण मी खोलीत शिरले की बायका आवाज खाली आणतात. आपल्याबद्दलच बोलत असणार, असं वाटत राहतं.

आणि एक. चव अजून आहे. डब्यांना लागून राहिली असेल, नाही का?

माऊ


९ मार्च

चि. माऊ,

ती गोदामात, कपाटाला कुलूप, आणि चव तशीच? हे मला पटत नाही. तिचं कुणी साथीदार आहे का बघ. किटलीचा तळ खरवडून बघ.

आमचा नवा दूधवालाही तसाच निघाला. आज तर उकडलेल्या अंड्यालाही तीच चव. आता कोंबडीवर संशय घ्यायची वेळ आली.

तुझं ते "आपोआप" मला अजून खटकतंय. खरं काय ते लिही.

आत्या


२७ मार्च

आत्या,

शांतपणे लिहायचं ठरवलंय, जमतंय का बघू.

प्रयोगशाळेचा निकाल आला. चहा स्वच्छ. लोखंड नाही, काही नाही. तो कागद हातात घेऊन साहेबांनी मला टेस्टिंगरूममध्ये बोलावलं. टेबलावर सात कप. मी सातही घेतले. सातही कपांत लोखंड, चौथ्यात जरा जास्त, असं मी छातीठोकपणे सांगितलं. साहेबांनी एकेक झाकण परत घातलं आणि म्हणाले, "सातही एकच आहेत. माझ्या घरच्या डब्यातला चहा. आज सकाळी बायकोने दिला." तुझा जुळा कप तो हाच, आत्या. मी घुमीला लावला नाही, तो मला लागला.

तशीच डॉक्टरांकडे गेले. माझं बोलणं अर्ध्यावर असतानाच त्या म्हणाल्या, "तोंडाला धातूची चव येते? या गोळीने काहींना येते." मी म्हटलं, आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, "काहीही बदल वाटला तर सांगा, असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तुम्ही पोटाचं सांगितलंत, चवीचं कुठे सांगितलंत?" काय सांगणार होते मी? चव कपात असते असंच मला वाटत आलंय. ती माझ्या तोंडात असेल हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

हो, मी गोळ्या बंद केल्या नव्हत्या. तुला खोटं लिहिलं. पाळी आता दोनदा वेळेवर आली आहे, कोटाची बटणं लागतात, आणि शरीर आपलं ऐकतंय असं मला कितीतरी वर्षांनी वाटलं. ते तुझ्या एका रागावण्यासाठी मी सोडणार नव्हते. काल मात्र सोडावं असं वाटलं. गोळ्यांची पट्टी केराच्या डब्यात टाकली आणि परत काढली. डॉक्टर म्हणतात, मनाने बंद करायची नाही. आता हळूहळू विरघळणारी गोळी दिली आहे, रात्रीच्या जेवणानंतर एकच, डोस आधी कमी. चव बहुतेक उतरेल म्हणाल्या. पूर्ण जाईलच असा शब्द दिला नाही.

माझं खोटं मी कबूल केलं. आता तुझं.

चहा स्वच्छ होता, आत्या. मग तुला त्यात लोखंड कुठून लागलं? मला खूश करायला लिहिलंस? की आपण अजून मोठे टेस्टर आहोत हे दाखवायला? तुझ्या त्या एका शब्दावर मी साहेबांकडे गेले. एका बाईचं आयुष्याचं काम गेलं आणि तू तिकडे कोंबड्यांच्या गमती लिहितेस!

साहेब म्हणतात, विषय मिटवून टाकू. मालकांसमोर त्यांचीही फजिती होईल ना. ओल लागून माल बिघडला होता असं लिहितो म्हणतात, घुमी गोदामातच राहील, आणि माझी चव परत आली की खुर्चीचं बघतील. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

माऊ


४ एप्रिल

माऊ,

पाकिटात एक रिकामी पट्टी आहे. मागच्या बाजूचं नाव वाच. मग पुढचं वाच.

तुझीच गोळी आहे ना?

गेल्या वर्षीपासून घेतेय. साखर निघाली. तुझ्या बाबाला सांगितलं नाही, शेजारी सांगितलं नाही, औषधालासुद्धा लांबच्या दुकानात जाते. जन्मभर औषधाला नावं ठेवल्यावर कुठल्या तोंडाने सांगू? तुला लिहिलं की मी औषधाला शिवत नाही, तेव्हा पट्टी टेबलावर पत्राशेजारीच पडली होती.

पण चहाबद्दल मी खोटं बोलले नाही गं. तुझी शपथ. मला खरंच लोखंड लागलं. तुझ्या चहात लागलं, दुधात लागलं, अंड्यात लागलं. दोन दुकानदार, दोन दूधवाले आणि एक कोंबडी, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. तूही तेच केलंस. आपण दोघींनी जगाला चोर ठरवलं, पण जिभेवर संशय घ्यायचं कुणाला सुचलं नाही. मीच तुला तसं शिकवलं होतं, की जग चुकेल पण जीभ चुकायची नाही.

काल मी माझ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, पाळीचं आणि हनुवटीचंही. ते म्हणाले, तुम्हाला तेव्हा बहुधा हेच होतं, आणि ज्यांना हे असतं त्यांना पुढे साखरेची भीती जास्त. तरुणपणी लक्ष दिलं असतं तर कदाचित टळलं असतं. कदाचित, असं म्हणाले. ते "कदाचित" घेऊन मी घरी आले आणि आरशासमोर बसून खूप रडले. घराण्याची हनुवटी म्हणून मी सगळं हसण्यावारी नेलं आणि तुझंही नेणार होते.

गोळी सोडायची नाहीस. खुर्चीसाठी तर मुळीच नाही. सोडलीस असं कळलं तर मी येऊन त्या खुर्चीचे पाय मोडीन.

आणि साहेबांना नाही म्हण. ते काय मिटवणार? त्यांची फजिती आज ना उद्या विसरली जाईल. त्या बाईच्या कपाळावर मात्र तू आणि मी मिळून शिक्का मारलाय. माझं पत्र वाचून दाखवलं होतंस ना, आता हेही सगळ्यांसमोर वाच. माझं नाव खराब झालं तर होऊ दे.

मी उद्या पहिल्या दूधवाल्याकडे जाते. तू तुझ्या घुमीकडे जा.

आत्या


१९ एप्रिल

ती. आत्या,

गेले होते. तिने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. मी जिन्यातच उभं राहून सगळं सांगितलं. आजार, गोळी, चव, तुझी पट्टी. तिने विचारलं, "संपलं?" मी हो म्हटलं. मग मी चमच्याचं विचारलं. एवढं होऊनही ते मनातून जात नव्हतं.

म्हणाली, "तू सारखी पोट धरून पळायचीस. मला वाटलं काहीतरी लागणीचं आहे. चहा थुंकायची पिकदाणी एक, फडकं एक. म्हणून तुझा चमचा मी उकळत्या पाण्यातून काढायचे. तुझ्यासाठी नव्हे, माझ्या जिवासाठी. तू चमचा पर्समध्ये न्यायला लागल्यावर लवकर येऊन किटली चढवायचे, फडकं आणि पिकदाणी उकळत्या पाण्याने धुवायला."

म्हणजे मी तिच्यावर संशय घेत होते तेव्हा ती माझ्यावर घेत होती! मला हसू आलं. तिला आलं नाही. तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना नाही म्हटलं. मालकांना स्वतः लिहून दिलं की तक्रार खोटी ठरली आहे, दोष माझ्या तोंडाचा होता, कारण औषध, आणि औषध मी घेणार आहे. तुझं पत्र टेस्टिंगरूममध्ये मोठ्याने वाचलं. कोंबडीपाशी सगळे हसले, पुढे कुणी हसलं नाही. साहेब माझ्याशी बोलत नाहीत. घुमी परत आली आहे. मेनंतरची खुर्ची तिची ठरली आणि मी दाराजवळच्या शेवटच्या टेबलावर आहे. वाईट वाटतंय, आत्या. खूप वाटतंय. ती खुर्ची मला हवी होती.

पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी येऊन ती म्हणाली, "माझा तुझ्यावर विश्वास नाही. रोज तुझ्या रांगेत जुळा कप ठेवीन. कुठला ते सांगणार नाही."

मी म्हटलं, "ठेवा."

नवीन गोळीने लोखंड कमी झालंय. गेलं नाही, पण आता ते माझं आहे हे मला कळतं, आणि त्याच्यामागून चहा, दूरचा आवाज ऐकू यावा तसा, थोडा थोडा लागतो. आज आठ कपांत जुळे म्हणून मी दुसरा आणि सातवा सांगितला. बरोबर की चूक, तिने सांगितलं नाही. वहीत काहीतरी लिहिलं. मग तुझा चांदीचा चमचा उचलला, माझ्या डोळ्यांदेखत उकळत्या पाण्यात बुडवला आणि दांडा माझ्याकडे करून पुढे केला.

दूधवाल्याचं काय झालं ते कळव. आणि तुझ्या डॉक्टरांना चवीचं सांगितलंस का? पाळीचं आणि हनुवटीचं सांगितलंस एवढंच तू लिहिलं आहेस.

सोबत माझी रिकामी पट्टी आहे. तुझी संपली की पाकिटात घालून पाठव, दर महिन्याला. नुसतं "घेते" म्हणून लिहू नकोस. तुझ्या शब्दावर माझा काडीचा विश्वास राहिलेला नाही.

तुझी माऊ